नव्या फ्रिजचे नववे वर्ष

घरातला फ्रिज बंद पडतो तो बहुधा चैत्र-वैशाखातच, आणि यात दैवयोगापेक्षा यंत्राच्या प्रकृतीचा भाग मोठा आहे. फ्रिज थंडी निर्माण करीत नाही. कपाटातील उष्णता उपसून ती स्वयंपाकघराच्या हवेत टाकणे एवढेच त्याचे कार्य. कॉम्प्रेसर वायूला दाबून तप्त करतो, मागच्या जाळीतून किंवा बाजूच्या पत्र्यातून ती उष्णता बाहेरच्या हवेला देऊन वायू द्रवरूप होतो, आणि केसासारख्या बारीक नळीतून पुढे जाऊन फ्रीझरच्या नळ्यांत पुन्हा उकळताना आतील उष्णता शोषून घेतो. बाहेरची हवा जितकी तापलेली, तितका अधिक दाब दिल्यावाचून वायू आपली उष्णता सोडीत नाही. म्हणून जो जीर्ण कॉम्प्रेसर पौषात विनातक्रार चालला, तोच मे महिन्यात रात्रंदिवस चालून अखेर थांबतो. त्या दिवशी घरात दूध नासू लागलेले असते, इडलीचे पीठ आंबून भांड्याबाहेर आलेले असते, एखाद्या घरी आजोबांच्या इन्सुलिनच्या कुप्या २ ते ८ अंशांत राहिल्याच पाहिजेत अशी निकड असते, आणि त्याच संध्याकाळी सारे कुटुंब दुकानात जाऊन, ज्या वस्तूच्या संगतीत पुढची दहा-पंधरा वर्षे काढावयाची तिची निवड अर्ध्या तासात, दाराचा रंग आणि मासिक हप्त्याची रक्कम पाहून करून टाकते.

माझे मत असे की, फ्रिजचा भरवसा पहिल्या दिवशी कळत नाही, तो नवव्या वर्षी कळतो. आणि त्या वर्षी बिघडलेला भाग आपल्या तालुक्याच्या गावी मिळतो काय, तो वाजवी दरात मिळतो काय, आणि तो बसविणारा जाणता कारागीर हाताशी आहे काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर तो सर्वस्वी अवलंबून असतो. दुकानातील विक्रेता या तिहींपैकी एकाचेही उत्तर आपण होऊन देत नाही, कारण ते त्याला कोणी विचारीत नाही. कंपनीचे नाव मोठे आहे या समाधानावर आपण विसंबतो. परंतु नावांचे आयुष्यही यंत्रांच्या आयुष्याइतकेच अनिश्चित असते. ज्यांनी एके काळी विश्वासाने केल्व्हिनेटर किंवा ऑल्विन घरी आणला, त्यांच्या डोळ्यांदेखत नव्वदच्या दशकात पहिल्याचा कारखाना व्हर्लपूलकडे आणि दुसऱ्याचा फ्रिजचा धंदा व्होल्टासकडे गेला. आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादेजवळ विस्तारलेला व्हिडिओकॉनचा उद्योग २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायप्रक्रियेत दाखल झाला. दहा वर्षांच्या हमीचा कागद देणारी संस्था दहा वर्षे असेलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

स्वदेशी बनावटीचा पहिला फ्रिज मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यातून १९५८ मध्ये बाहेर पडला. त्यानंतरची दोन-तीन दशके मध्यमवर्गीय मराठी घरात फ्रिज येणे हा शेजाऱ्यांनी येऊन पाहावा असा प्रसंग होता, आणि ते शीतकपाट पुष्कळदा स्वयंपाकघरात न राहता बैठकीच्या खोलीत स्थानापन्न होई. एक दार, जाड पत्रा, एक कॉम्प्रेसर, एक रिले, एक थर्मोस्टॅट आणि एक दिवा एवढाच त्याचा संसार. यांतील प्रत्येक भाग बाहेरून हाताला लागे, आणि गावातील कारागीर तो बदलू शके. त्यांतले काही फ्रिज पंचवीस-तीस वर्षे चालले, हे खरे आहे. परंतु ते न बिघडता चालले असे नसून, प्रत्येक वेळी दुरुस्त होऊन चालले, ही गोष्ट आपण विसरतो. त्या काळाकडे परत जावे असे मी म्हणत नाही. ते फ्रिज वीज भरमसाट खात, आणि त्यांत भरलेला आर-१२ नावाचा वायू पृथ्वीवरील ओझोनच्या आवरणाला घातक असल्याने १९८७ च्या माँट्रियल करारान्वये जगाने तो क्रमाक्रमाने बाद केला. आजचा फ्रिज विजेच्या बाबतीत निःसंशय श्रेष्ठ आहे. त्याने गमावले ते दुरुस्तीचे सौकर्य, आणि माझा सारा आग्रह ते परत मिळविण्याचा आहे.

त्यामुळे नवा कोणता घ्यावा याचा विचार करण्यापूर्वी, जुना खरोखर गेला आहे काय, याची शहानिशा करणे हे पहिले कर्तव्य होय. मेकॅनिक येतो, मागे हात लावतो आणि 'कॉम्प्रेसर गेला' किंवा 'गॅस संपला' यांपैकी एक निकाल देतो. या दोन्ही निकालांना पुरावा मागण्याचा आपणास अधिकार आहे. कॉम्प्रेसर दर काही मिनिटांनी सुरू होण्याचा प्रयत्न करून 'टिक' असा आवाज करीत थांबत असेल, तर दोष पुष्कळदा त्याला चालू करणाऱ्या रिलेत किंवा ओव्हरलोडमध्ये असतो, आणि ते भाग नव्या फ्रिजच्या किमतीच्या मानाने नगण्य मोलाचे आहेत. कॉम्प्रेसरच्या वेटोळ्यांची तपासणी मीटर लावून काही मिनिटांत होते. ती डोळ्यांदेखत करून घ्यावी. वायू तर बंदिस्त नळ्यांतून फिरत असतो, तो वापराने सरत नाही. तो कमी झाला असेल तर कोठे तरी गळती आहे, आणि ती गळती शोधून बुजविल्यावाचून गॅस भरणे म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात तोच खर्च पुन्हा करणे होय.

डबल डोअरच्या, म्हणजे बहुशः फ्रॉस्ट फ्री जातीच्या फ्रिजची एक व्यथा फार घरांत आढळते आणि तिचा चुकीचा अर्थ लावून कित्येक धडधाकट फ्रिज भंगारात गेले असतील असे मला वाटते. वरचा फ्रीझर थंड असतो, खालचा भाग मात्र कोमट होत जातो. या जातीत थंड नळ्यांवर साचणारा बर्फ ठराविक वेळाने वितळविण्यासाठी एक लहान हीटर असतो. तो हीटर, त्याचा फ्यूज किंवा त्याला वेळ सांगणारा टायमर वा सेन्सर निकामी झाला की बर्फाचा थर वाढत जाऊन खाली येणाऱ्या हवेची वाट बुजते. गृहिणीला याची परीक्षा स्वतः घेता येते: सामान शेजारी ठेवून फ्रिज पूर्ण एक दिवस बंद करावा, दारे उघडी ठेवावीत, खाली फडकी पसरावीत, आणि मग पुन्हा सुरू करावा. त्यानंतर काही दिवस तो उत्तम थंड करून पुन्हा पूर्वीसारखा वागू लागला, तर गॅस आणि कॉम्प्रेसर निर्दोष असून दोष डिफ्रॉस्टच्या व्यवस्थेत आहे असे समजण्यास हरकत नाही. दाराचे रबर सैल झाले असेल तर दारात कागद धरून बंद करावे व ओढून पाहावे. तो अलगद सुटून आला तर त्या बाजूने बाहेरची दमट हवा अहोरात्र आत शिरत आहे. मागच्या जाळीवर वर्षानुवर्षांची धूळ आणि स्वयंपाकघराचा तेलकट लेप बसलेला असेल, तर तो स्वच्छ केल्यानेही कधी कधी फ्रिज पूर्ववत होतो. ही तपासणी करताना एक साधा थर्मामीटर पेलाभर पाण्यात बुडवून रात्रभर मधल्या फळीवर ठेवावा. पाणी ४-५ अंशांच्या खाली आले नाही, तर अन्न सुरक्षित नाही, मग हाताला ते कितीही गार लागो.

तथापि काही बिघाड असे असतात की तेथे निरोप घेणेच श्रेयस्कर. पूर्वी मागे उघडी दिसणारी जाळी आता पुष्कळ मॉडेलांत बाजूच्या पत्र्याच्या आत, फोममध्ये पुरलेली असते. दिसायला ते नीटनेटके, परंतु त्या पुरलेल्या नळीला गळती लागली तर ती शोधावयास फोम फोडावा लागतो, आणि एकदा फोडलेला फोम पूर्वीसारखा उष्णता अडवीत नाही. कोकणात व गोव्यात खाऱ्या, दमट हवेने नळ्यांचे सांधे गंजतात, तेथे हा धोका अधिक. दुसरा बिघाड मनुष्यकृत आहे: सिंगल डोअर फ्रिजच्या फ्रीझरमध्ये साचलेला बर्फ सुरीने किंवा चमच्याच्या दांड्याने खरवडताना ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, ज्याच्या पोटातच वायूच्या वाटा असतात, तो भोसकला जातो आणि फुस्स असा आवाज होऊन सारा वायू निघून जातो. आजच्या फ्रिजांतील आर-६००ए हा आयसोब्युटेन जातीचा, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचाच नातलग असल्याने, असा आवाज झाला की प्लग किंवा दिव्याचे बटण यांना हात न लावता प्रथम शेगडी विझवून खिडक्या उघडाव्या. फ्रिज दहा वर्षांहून जुना असेल आणि दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्या किमतीजवळ जात असेल, तर मी दुरुस्तीचा हट्ट धरणार नाही.

आता निवडीकडे. दुकानात गेल्यावर सारेजण दाराकडे पाहतात. माझी विनंती अशी की, प्रथम आतल्या बाजूस किंवा पाठीमागे डकविलेल्या पट्टीकडे पाहावे. तीवर कोणता वायू आणि किती ग्रॅम भरला आहे, विजेचा दाब किती अपेक्षित आहे, आणि हवामानाचा वर्ग कोणता, हा मजकूर असतो. हा वर्ग बहुतेक ग्राहकांस अज्ञात आहे, पण आपल्या प्रांतात त्याचे महत्त्व फार. 'एन' वर्गाचे यंत्र ३२ अंशांपर्यंतच्या, 'एसटी' वर्गाचे ३८ अंशांपर्यंतच्या आणि 'टी' वर्गाचे ४३ अंशांपर्यंतच्या खोलीत नेमून दिलेले काम करील, अशा बेताने घडविलेले असते. ज्या नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेथील पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या छपराखालील स्वयंपाकघरात 'टी' वर्गाहून कमी काही नेणे म्हणजे त्या कॉम्प्रेसरवर त्याच्या शक्तीबाहेरचे ओझे लादणे होय. फ्रिजला श्वास घेण्यास जागा हवी; ओट्याच्या कोपऱ्यात, शेगडीच्या शेजारी, दोन्ही बाजूंनी लाकडी कपाटांत जखडून ठेवलेला फ्रिज कोणत्याही वर्गाचा असला तरी अल्पायुषी होतो, आणि पुरलेल्या जाळीच्या फ्रिजला तर बाजूंनीही मोकळीक लागते. पुस्तिकेत सांगितलेले अंतर स्वयंपाकघरात मोजून मगच आकार ठरवावा.

चार माणसांच्या, मुख्यतः शाकाहारी घरास सुमारे १९० ते २०० लिटरचा सिंगल डोअर, म्हणजे डायरेक्ट कूल फ्रिज पुरतो असा माझा अनुभवाचा निवाडा आहे; दूध, ताक, विरजण, साठविलेली साय, भिजविलेली कडधान्ये, ओले खोबरे, कोथिंबीर आणि दोन दिवसांची भाजी एवढा संभार त्यात सुखाने मावतो. त्यात पंखा नाही, हीटर नाही, टायमर नाही. जितके भाग कमी तितके बिघाड कमी. त्याच्या बदल्यात बर्फ वितळविण्याचे काम स्वतः करावे लागते, आणि जेथे मासळी-मटण साठवावयाचे, आमरस वर्षभर गोठवून ठेवावयाचा, किंवा पावसाळी हवेच्या ओलाव्याने फ्रीझर आठवड्यात बर्फाने भरतो, अशा किनाऱ्यावरील घरात, फ्रॉस्ट फ्रीचा अधिक खर्च न्याय्य ठरतो. याहून मोठे, दोन पाखांचे, पाण्याचे नळ आणि काचेचा पडदा असलेले फ्रिज ज्यांना हवे त्यांनी अवश्य घ्यावेत. परंतु नळ, पडदा आणि मोबाईलशी जोडणारी व्यवस्था हे प्रत्येकी एक नवे भाग आहेत आणि प्रत्येक भागाला एक नववे वर्ष आहे, हे जाणून घ्यावेत.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसरविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण आज दुकानात सर्वाधिक भर त्यावर दिला जातो आणि त्याचे गुणही खरे आहेत. जुना कॉम्प्रेसर पूर्ण वेगाने चालतो आणि मग पूर्ण थांबतो. इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे आपला वेग कमी-अधिक करतो, सुरू होताना विजेचा मोठा घोट घेत नाही, आवाज कमी करतो आणि वर्षाकाठी वीज वाचवितो. परंतु त्याच्या वेगाचे सारे नियमन एका छापील सर्किटच्या बोर्डवर सोपविलेले असते. तो बोर्ड विजेच्या एका उसळीने जळाला, तर कॉम्प्रेसर निरोगी असूनही फ्रिज मृतवत होतो, आणि जुन्या फ्रिजप्रमाणे गावच्या कारागिराला दहा मिनिटांत बाजारातला रिले लावून तो सुरू करता येत नाही. त्याच मॉडेलचा बोर्ड मागवावा लागतो. वादळी पावसात वीज वारंवार जाते-येते अशा गावी ही शक्यता क्षुल्लक नव्हे. म्हणून इन्व्हर्टर घेणाऱ्याने त्या मॉडेलच्या बोर्डची आजची किंमत किती आणि तो जिल्ह्याच्या ठिकाणी शिल्लक असतो काय, हे सेवा केंद्राला फोन करून खरेदीपूर्वी विचारावे. 'स्टॅबिलायझर लागत नाही' हा दावाही पुस्तिकेत दिलेल्या दाबाच्या मर्यादेतच खरा असतो. ज्या गावी सायंकाळी पंप सुरू झाले की दिवे मंदावतात, तेथे दाब मोजून घेऊन, गरज असल्यास, वीज परतल्यावर तीन-चार मिनिटे थांबून पुरवठा सुरू करणारा स्टॅबिलायझर लावावा. तेवढ्या अवधीत नळ्यांतील दाब समान होतो आणि कॉम्प्रेसरला भाराखाली उठावे लागत नाही.

ताऱ्यांचे लेबल ही आपल्या देशाने ग्राहकाला दिलेली चांगली देणगी आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्यान्वये २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरो स्थापन झाला, २००६ मध्ये त्याने ही योजना सुरू केली, आणि २०१० पासून फ्रॉस्ट फ्री फ्रिजला लेबल लावणे सक्तीचे झाले. मात्र ताऱ्यांचे निकष ठराविक काळाने कडक होत असल्याने, मागील मुदतीचे पाच तारे आजच्या मुदतीत कमी भरू शकतात. यास्तव तारे मोजण्यापेक्षा लेबलवर छापलेली मुदत आणि वर्षाकाठच्या युनिटांचा आकडा वाचावा. दोन मॉडेलांत वर्षाला ६० युनिटांचा फरक आहे आणि आपल्या बिलातील वरच्या टप्प्याचा दर युनिटला १० रुपये पडतो असे धरले, तर वर्षाचे ६०० आणि दहा वर्षांचे ६,००० रुपये होतात. महाग मॉडेलची जादा किंमत याहून कमी असेल तर ते घ्यावे, अधिक असेल तर घेऊ नये.

ज्या लेबलाने युनिटांचा आकडा दारावर आणला, त्याच लेबलावर आयुष्याचा आकडा का असू नये, हा माझा या लेखातील मुख्य प्रश्न आहे. युरोपीय संघाने १ मार्च २०२१ पासून फ्रिजच्या निर्मात्यांवर असे बंधन घातले की, थर्मोस्टॅट, सेन्सर, बोर्ड आणि दिवे हे भाग मॉडेलची विक्री संपल्यानंतरही किमान सात वर्षे कारागिरांना मिळाले पाहिजेत. बिजागऱ्या, मुठी, फळ्या तितकीच वर्षे, आणि दाराचे रबर किमान दहा वर्षे. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली, तिच्या चार क्षेत्रांत घरगुती उपकरणांचा समावेश केला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्या विषयाचे संकेतस्थळही सुरू झाले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु दुरुस्तीची माहिती मिळण्याची सोय आणि सुटा भाग मिळण्याचा कायदेशीर हक्क या भिन्न गोष्टी होत. आपल्या राज्यात रांजणगाव आणि शिरवळ येथे फ्रिजचे प्रचंड कारखाने उभे आहेत; अशा राज्यातील ग्राहकाने एका दाराच्या रबरासाठी महिनाभर वाट पाहावी, किंवा 'ते मॉडेल बंद झाले' हे उत्तर ऐकून सुस्थितीतील यंत्र टाकून द्यावे, यात कोणताही तांत्रिक नाइलाज नाही. युरोपास पाठविण्याच्या यंत्रासाठी जे बंधन कारखानदार पाळू शकतो, ते मिरजेच्या किंवा भंडाऱ्याच्या ग्राहकासाठीही तो पाळू शकतो.

हमीपत्राचाही असाच नव्याने मसुदा झाला पाहिजे. आज सामान्यतः संपूर्ण यंत्राला एक वर्षाची आणि कॉम्प्रेसरला दहा वर्षांची हमी दिली जाते, आणि ग्राहक दहा हा आकडा लक्षात ठेवतो. पण बारीक अक्षरांतील मजकूर वाचला असता पुष्कळदा असे आढळते की, सातव्या वर्षी कॉम्प्रेसर गेला तर फक्त कॉम्प्रेसर विनामूल्य. तो बसविण्याची मजुरी, नवा गॅस, वाहतूक आणि बोर्ड हा खर्च ग्राहकाचा. तो एकत्र केला की 'विनामूल्य' या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही. हमी द्यावयाची ती थंड करण्याच्या संपूर्ण बंदिस्त व्यवस्थेची, गॅस आणि मजुरीसह द्यावी. असे होईपर्यंत, पैसे देण्यापूर्वी सातव्या वर्षीच्या कॉम्प्रेसर-बदलाचा संपूर्ण अंदाजे खर्च सेवा केंद्राकडून लेखी मागावा. जे केंद्र तो लिहून देते, त्याच्या कंपनीवर मी अधिक विश्वास ठेवीन.

कारागिराचा प्रश्नही सोडवावा लागेल. आर-६००ए हा वायू हवामानाच्या दृष्टीने फार निरुपद्रवी आहे. त्याआधीचा आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट उष्णता कोंडून ठेवतो, आर-६००एचा परिणाम त्या तुलनेत नाममात्र. परंतु तो ज्वालाग्राही आहे आणि फ्रिजमध्ये अगदी थोडा, ग्रॅममध्ये मोजण्याइतकाच भरला जातो. त्याचे काम करताना नळीत वायू शिल्लक असताना ज्योत लावता येत नाही, आणि भरणे काट्यावर ग्रॅममध्ये मोजूनच करावे लागते. अंदाजाने भरलेला फ्रिज कधीच नीट थंड होत नाही. आपल्या आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. पण ज्यांनी वीस वर्षांपूर्वी तो पूर्ण केला आणि आज गावोगाव सायकलवर किंवा दुचाकीवर हत्यारांची पिशवी घेऊन फिरत आहेत, त्यांच्यासाठी नव्या वायूचे व नव्या बोर्डांचे अल्प मुदतीचे वर्ग तालुक्याच्या ठिकाणी घेतले पाहिजेत, आणि कंपन्यांनी आपले सर्किटचे आराखडे त्यांना खुले केले पाहिजेत. फ्रिजचा खरा आधार हा माणूस आहे.

जुन्या फ्रिजची विल्हेवाट हाही खरेदीचाच भाग समजावा. बदल्यात जुना देऊन हजार-दोन हजारांची सूट घेताना तो पुढे कोठे जातो हे आपण विचारीत नाही. भंगारात नळी कापली गेली तर आतला वायू हवेत जातो, आणि जुन्या आर-१२ चा एक किलो हवामानावर कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार किलोंहून अधिक परिणाम करतो. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. जुने यंत्र अधिकृत पुनर्प्रक्रियेकडे जाईल असे पावतीवर लिहून मागावे. आणि तो नेला जाईपर्यंत अंगणात वा जिन्याखाली उभा राहणार असेल, तर त्याचे दार काढून ठेवावे. खेळता खेळता लहान मूल आत शिरून गुदमरण्याचे अपघात जगात इतके झाले की, अमेरिकेला १९५६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.

हमी असून कंपनी दाद देत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, आणि तेवढ्याने न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आता आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क पडत नाही. परंतु प्रत्येकाने एकट्याने दाद मागावी यापेक्षा अधिक परिणामकारक मार्ग महाराष्ट्राने पूर्वीच आखून दिला आहे. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली, आणि शेकडो कुटुंबांनी संघ करून धान्य-किराणा एकत्र विकत घेण्याची शिस्त अंगी बाणविली. त्याच संघटित बळाने आता फ्रिजच्या प्रत्येक प्रचलित मॉडेलचे रबर, थर्मोस्टॅट, बोर्ड आणि कॉम्प्रेसर यांच्या किमती, ते मिळावयास लागणारे दिवस आणि सेवा केंद्राचे ठिकाण यांची जिल्हावार नोंदवही तयार करावी, आणि ती दरवर्षी गुढीपाडव्यापूर्वी, म्हणजे उन्हाळ्याची खरेदी सुरू होण्याआधी, प्रसिद्ध करावी.